लोकलला चालतं, सर्व्हरवर कस्टम कॉन्फिग सेक्शन फुटतो: नेमकं कुठे बघायचं

तुमचं म्हणणं मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं असेल तर सांगा. एएसपी डॉट नेटचं अॅप्लिकेशन आहे, जुनं म्हणजे डॉट नेट फ्रेमवर्कवालं. पेमेंट गेटवेच्या सेटिंगसाठी तुम्ही वेब.कॉन्फिगमध्ये (साइटच्या सेटिंगची एक्सएमएल फाइल) स्वतःचा सेक्शन केलाय, त्याचा हँडलर क्लास (तो सेक्शन वाचून त्याचा ऑब्जेक्ट बनवणारा क्लास) वेगळ्या लायब्ररी प्रोजेक्टमध्ये आहे, तुमच्या मशीनवर सगळं व्यवस्थित चालतं. सर्व्हरवर टाकलं की एका पानावर "अॅन एरर ऑकर्ड क्रिएटिंग द कॉन्फिगरेशन सेक्शन हँडलर" येतं आणि दुसऱ्या पानावर नुसतं "द टाइप इनिशियलायझर थ्रू अॅन एक्सेप्शन". स्पेलिंग दहा वेळा तपासून झालंय, आणि आता विचार चाललाय की हे सगळं काढून सरळ अॅपसेटिंग्जमध्ये (वेब.कॉन्फिगमधली नाव-किंमत जोड्यांची तयार यादी) टाकावं का.

अॅपसेटिंग्जचं शेवटी बोलू. आधी हे बघा की या दोन एरर वेगळ्या नाहीत. खाली एकच गोष्ट मोडलीय. पहिल्या पानावर तुमचा कोड सरळ गेटसेक्शन (कॉन्फिगमधला सेक्शन मागणारी मेथड) कॉल करत असणार, आणि दुसऱ्या पानावर तोच कॉल एखाद्या स्टॅटिक क्लासच्या स्टॅटिक फील्डमध्ये बसलाय, म्हणून फ्रेमवर्कने त्यावर आणखी एक वेष्टण चढवलं. या स्टॅटिकवाल्या प्रकाराने माणूस फार फसतो, कारण स्टॅटिक इनिशियलायझर एकदा फेल झाला की डॉट नेट तो परत चालवून बघतच नाही, अॅप रिसायकल होईपर्यंत तीच जुनी एक्सेप्शन परत परत फेकत राहतं. म्हणजे तुम्ही मूळ कारण दुरुस्त केलंत, समजा फाइलची परमिशन दिलीत, तरी पानावर तेच दिसतं आणि तुम्हाला वाटतं की हे कारण नव्हतंच, मग तुम्ही भलतंच काहीतरी बदलायला जाता. त्यामुळे काहीही बदललंत की अॅप पूल (सर्व्हरवर तुमची साइट चालवणारी प्रक्रिया) रिसायकल करा, म्हणजे बंद करून नव्याने सुरू करा, आणि मगच निकाल बघा.

दुसरी गोष्ट, "एरर क्रिएटिंग द सेक्शन हँडलर" या वाक्याच्या सुरुवातीला कारण नसतं. तिथे फक्त सेक्शनचं नाव असतं, कारण थोडक्यात पुढे कोलननंतर येतं. सविस्तर कारण इनर एक्सेप्शनमध्ये (आत गुंडाळलेली मूळ एरर) असतं, कधीकधी त्याच्याही आत. तुम्ही जो मजकूर पाठवलाय तो एक्सेप्शनच्या मेसेज प्रॉपर्टीचा दिसतोय, बहुतेक लॉगिंगमध्ये तेवढंच लिहिता. ते बदला, एक्सेप्शनवर टूस्ट्रिंग कॉल करून अख्खं लिहा, आतल्या सगळ्या एक्सेप्शन्स स्टॅक ट्रेससकट येतात. कॉन्फिगरेशनएरर्सएक्सेप्शन असेल तर तिच्यावर फाइलनेम आणि लाइन अशा दोन प्रॉपर्टी असतात, म्हणजे कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर अडलं ते ती स्वतःच सांगते. लॉगिंगला हात लावता येत नसेल तर सर्व्हरवर लॉगिन करून तिथल्याच ब्राउझरमधून लोकलहोस्टने साइट उघडा, कस्टमएरर्स रिमोटओन्लीवर (बाहेरच्यांना एररचा तपशील न दाखवणारं सेटिंग) असलं तरी तिथे पूर्ण पिवळं पान दिसतं. नाहीतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अॅप्लिकेशन लॉग उघडा आणि एएसपी डॉट नेटची १३०९ नंबरची वॉर्निंग शोधा, न पकडलेली एक्सेप्शन तिथे सविस्तर पडलेली असते.

आता तो आतला मजकूर वाचायचा कसा, कारण त्यावरूनच ठरतं की कुठल्या टप्प्यावर अडलंय. सेक्शन तुमच्या हातात पडेपर्यंत पाच गोष्टी होतात: फाइल वाचली जाते, कॉन्फिगसेक्शन्समधली (वेब.कॉन्फिगचा सेक्शन नोंदवण्याचा भाग) नोंदणी सापडते, त्यात लिहिलेला क्लास लोड होतो, तो क्लास एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट बनवतो, आणि मग तो ऑब्जेक्ट गेटसेक्शनमधून तुमच्याकडे येतो. आणि हे सगळं आळशी पद्धतीने होतं बरं का, म्हणजे पहिल्यांदा कोणी गेटसेक्शन कॉल करेपर्यंत तुमचा क्लास लोडही होत नाही. म्हणून साइट उघडते, होमपेज दिसतं, लॉगिन होतं, आणि पेमेंटच्या पानावर गेल्यावर फुटतं.

फाइलवाला टप्पा तुम्ही पार केलेला दिसतोय, तरी लवकर सांगून टाकतो. कॉन्फिगसेक्शन्स हा कॉन्फिगरेशनचा पहिलाच चाइल्ड असावा लागतो आणि एकच असावा लागतो, त्याच्या आधी अॅपसेटिंग्ज टाकलं की संपलं. आयआयएस म्हणजे विंडोजचा वेब सर्व्हर, ७ व्या आवृत्तीपासून तोसुद्धा हीच वेब.कॉन्फिग वाचतो, त्यामुळे एक्सएमएलच मोडलेलं असेल किंवा सेक्शन आहे पण नोंदणी नाही असं असेल तर विनंती तुमच्या कोडपर्यंत पोचायच्या आधीच ५००.१९ (कॉन्फिग वाचता न आल्याची आयआयएसची एरर) येतो. तुम्हाला ५००.१९ येत नाहीये, म्हणजे इथे वेळ घालवू नका. फक्त एक करा, सर्व्हरवर पडलेली वेब.कॉन्फिग उघडून बघा, तुमच्या प्रोजेक्टमधली नाही. पब्लिश करताना रिलीजचं ट्रान्सफॉर्म (वेब.कॉन्फिगमध्ये आपोआप बदल करणारी फाइल) लागतं आणि त्यात एखादी ओळ बदललेली किंवा गळलेली असू शकते.

क्लास लोड होण्याचा टप्पा, माझ्या मते तुमचा घोळ इथे आहे. नोंदणीतल्या टाइप अॅट्रिब्यूटमध्ये आधी नेमस्पेससकट क्लासचं पूर्ण नाव, मग स्वल्पविराम, मग असेम्ब्लीचं नाव असतं. असेम्ब्लीचं नाव म्हणजे डीएलएल फाइलचं नाव एक्सटेन्शन न लावता, शेवटी डॉट डीएलएल लिहायचं नाही. नेमस्पेस आणि असेम्ब्ली यांची नावं सारखी असतील असं गृहीत धरू नका, प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत असतात आणि कोणी प्रोजेक्ट रिनेम केला की एक बदलतं आणि एक जुनंच राहतं. क्लास दुसऱ्या क्लासच्या आत लिहिला असेल तर मध्ये टिंब चालत नाही, अधिकचं चिन्ह लागतं.

आता मजकूर वाचा. "कुड नॉट लोड टाइप अमुक फ्रॉम असेम्ब्ली सिस्टम.कॉन्फिगरेशन, व्हर्जन ४.०.०.०" असं दिसलं तर लगेच ओळखा की स्वल्पविरामानंतरचं असेम्ब्लीचं नाव राहिलंय. ते दिलं नाही तर फ्रेमवर्क तुमचा क्लास स्वतःच्या सिस्टम.कॉन्फिगरेशन असेम्ब्लीत शोधायला जातं, आणि तो तिथे असण्याचा प्रश्नच नाही. लोक हा मेसेज वाचून डॉट नेटचं इन्स्टॉलेशन खराब आहे समजतात आणि सर्व्हरवर फ्रेमवर्क रिपेअर करत बसतात, तसं काही करू नका. "कुड नॉट लोड टाइप" पण असेम्ब्ली तुमचीच लिहिलेली, तर डीएलएल सापडली पण त्यात त्या नावाचा क्लास नाही, म्हणजे नेमस्पेस चुकलाय किंवा सर्व्हरवरची डीएलएल जुनी आहे. आणि "कुड नॉट लोड फाइल ऑर असेम्ब्ली" असं असेल तर डीएलएलच सापडत नाहीये, किंवा ती सापडली पण तिला लागणारी दुसरी सापडत नाहीये. त्याच वाक्याच्या पुढे "इनकरेक्ट फॉरमॅट" असं असेल तर ३२ बिट आणि ६४ बिटचं भांडण आहे, अॅप पूलचं सेटिंग आणि लायब्ररीचा प्लॅटफॉर्म टार्गेट जुळवा.

लोकलला चालतं आणि सर्व्हरवर नाही, हे लक्षण बघता मला सगळ्यात जास्त संशय डीएलएलच तिथे पोचली नसल्याचा येतो. हे मी स्वतः एका प्रोजेक्टमध्ये दोन दिवस घालवून शिकलोय. रचना अशी होती की वेब प्रोजेक्टमध्ये बिझनेस लायब्ररीचा रेफरन्स, आणि बिझनेस लायब्ररीमध्ये कॉन्फिग लायब्ररीचा रेफरन्स. वेब प्रोजेक्टमधून कॉन्फिग लायब्ररीला सरळ रेफरन्स नव्हता, आणि बिझनेस लायब्ररीच्या कोडमध्येही तिच्यातला एकही क्लास नावाने वापरलेला नव्हता, फक्त वेब.कॉन्फिगमधल्या त्या एका स्ट्रिंगमध्ये तिचं नाव होतं. आता कंपायलर काय करतो, रेफरन्स दिलाय पण कोडमध्ये वापरला नाही असं दिसलं की तयार होणाऱ्या डीएलएलमध्ये त्या रेफरन्सची नोंदच करत नाही. मग वेब प्रोजेक्ट बिल्ड होताना बिझनेस लायब्ररीला काय काय लागतं हे त्या नोंदीवरून बघितलं जातं, तिथे नाव नाही, म्हणून डीएलएल बिनमध्ये (बिल्ड झालेल्या डीएलएलचा फोल्डर) कॉपी होत नाही. माझ्या मशीनवर का चालत होतं? तर आधी कधीतरी सरळ रेफरन्स होता तेव्हाची जुनी डीएलएल बिनमध्ये पडून होती. पब्लिश मात्र कोऱ्या फोल्डरमधून होत होतं.

तेव्हा हे असं तपासा: तुमच्या मशीनवरचे बिन आणि ऑब्ज फोल्डर पूर्ण डिलीट करा, रीबिल्ड करा आणि पेमेंटचं पान उघडा. इथेही फुटलं तर उत्तर मिळालं. वेब प्रोजेक्टमधून कॉन्फिग लायब्ररीला सरळ रेफरन्स द्या, कॉपी लोकल ट्रू ठेवा, मग कोडमध्ये वापरली असो नसो ती बिनमध्ये येते. इथे न फुटलं तर सर्व्हरच्या बिनमध्ये ती फाइल आहे का, तिची तारीख आणि व्हर्जन काय, हे डोळ्यांनी बघा. फाइल आहे आणि तरी लोड होत नाही असं असेल तर फ्यूजन लॉग व्ह्यूअर सुरू करा, फ्रेमवर्कने कुठल्या कुठल्या फोल्डरमध्ये कुठलं नाव आणि व्हर्जन शोधलं याची यादीच मिळते. फक्त काम झालं की ते लॉगिंग बंद करायला विसरू नका, सर्व्हर हळू होतो.

हँडलर क्लास अॅप_कोड फोल्डरमध्ये ठेवला असेल तर वेगळा प्रकार आहे, तिथे असेम्ब्ली रनटाइमला तयार होते आणि तिचं नाव ठरलेलं नसतं. तुम्ही वेगळी लायब्ररी केलीय ते बरोबरच केलंय, ते बदलू नका.

समजा क्लास लोड झाला आणि तरी एरर आहे. मग एक्सएमएल वाचताना अडलंय, आणि इथे तुम्ही हँडलर कुठल्या पद्धतीने लिहिलाय त्यावर बरंच अवलंबून आहे, ते तुम्ही सांगितलेलं नाही म्हणून दोन्हीचं लिहितो.

जुनी पद्धत म्हणजे आयकॉन्फिगरेशनसेक्शनहँडलर इंटरफेस, त्यात एकच क्रिएट मेथड असते आणि तुम्हाला एक्सएमएल नोड हातात मिळतो. डॉट नेट २.० म्हणजे २००५ पासून ही पद्धत मागे पडली, पण चालते अजून. यात सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक अशी: क्रिएटमध्ये चाइल्डनोड्सवर लूप लावलेला असतो आणि प्रत्येक नोडचं नेम अॅट्रिब्यूट वाचलेलं असतं. एका साइटवर हे वर्षानुवर्षं सुरळीत चाललं आणि एके दिवशी ऑपरेशन्सच्या माणसाने सेक्शनमध्ये एक साधी कॉमेंट लिहिली, "हा गेटवे तात्पुरता बंद", एवढंच, आणि पेमेंट बंद पडलं. कारण एक्सएमएलमध्ये कॉमेंट हाही एक चाइल्ड नोड असतो आणि त्याची अॅट्रिब्यूट्स नल असतात, त्यामुळे नलरेफरन्सएक्सेप्शन. त्या माणसाची काहीच चूक नव्हती, कॉन्फिग फाइलमध्ये कॉमेंट लिहिता आलीच पाहिजे. लूपमध्ये नोडचा प्रकार एलिमेंट आहे का हे तपासा किंवा सिलेक्टनोड्स वापरून हवे तेवढेच नोड घ्या. लोकलच्या आणि सर्व्हरच्या फाइलमध्ये एका कॉमेंटचा फरक असेल तरी हे घडतं, म्हणून तुमच्याकडे हीच पद्धत असेल तर आधी हे बघा.

याच मेथडला पॅरेंट नावाचं पहिलं आर्ग्युमेंट येतं, त्याकडे कोणी बघत नाही. वरच्या पातळीवरच्या कॉन्फिगमध्ये तोच सेक्शन असेल तर त्याचा तयार ऑब्जेक्ट त्यात येतो. तो नुसता सोडून दिलात तर सबफोल्डरच्या वेब.कॉन्फिगमध्ये एक ओळ टाकल्यावर वरच्या सगळ्या सेटिंग गायब होतात. त्याची कॉपी करा आणि कॉपीत भर घाला, मूळ ऑब्जेक्टला हात लावू नका, तो वरच्या पातळीवर वापरात आहे.

नवी पद्धत म्हणजे कॉन्फिगरेशनसेक्शनवरून क्लास काढायचा आणि प्रॉपर्टींवर अॅट्रिब्यूट लावायची. इथे मेसेज बरेच स्पष्ट असतात. "अनरेकग्नाइज्ड अॅट्रिब्यूट" आलं तर स्पेलिंगपेक्षा लहान-मोठी लिपी बघा, नावं केस सेन्सिटिव्ह असतात आणि हे मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. "अनरेकग्नाइज्ड एलिमेंट" आलं तर बहुतेक कलेक्शनमध्ये तुम्ही अॅडऐवजी गेटवे असं नाव वापरलंय आणि अॅडआयटमनेम सांगायचं राहिलंय.

काही ठिकाणी मात्र तुमचं काही चुकलेलं नसताना अडतं. स्ट्रिंगव्हॅलिडेटर लावून किमान लांबी १ दिलीत, प्रॉपर्टी रिक्वायर्डही केलीत, फाइलमध्ये किंमतही बरोबर भरलीत, तरी "द स्ट्रिंग मस्ट बी अॅट लीस्ट १ कॅरेक्टर्स लाँग". कारण फ्रेमवर्क व्हॅलिडेटर प्रॉपर्टीच्या डिफॉल्ट किंमतीवरही चालवतं आणि स्ट्रिंगची डिफॉल्ट रिकामी असते. डिफॉल्टव्हॅल्यूमध्ये नियमात बसेल असं काहीतरी द्या. आणि रिक्वायर्ड हे साध्या अॅट्रिब्यूटवरच नीट काम करतं, आतलं अख्खं एलिमेंट रिक्वायर्ड केलंत आणि ते फाइलमध्ये नसलं तर एरर येत नाही, डिफॉल्ट किंमतींचा ऑब्जेक्ट गुपचूप मिळतो. तिथे एलिमेंटइन्फॉर्मेशनमधलं इजप्रेझेंट स्वतः तपासावं लागतं.

पेमेंटचंच काम आहे म्हणून आणखी एक सांगतो, कॉन्फिग वाचताना याला एरर येत नाही आणि म्हणून ते जास्त वाईट. टाइमआउटची प्रॉपर्टी टाइमस्पॅन प्रकारची ठेवली आणि कॉन्फिगमध्ये कोणी ३० लिहिलं तर ते ३० सेकंद होत नाहीत, ३० दिवस होतात. टाइमस्पॅन नुसता आकडा दिवस म्हणून वाचतो. गेटवेकडून उत्तर आलं नाही की तुमची विनंती तशीच लटकून राहू शकते आणि कोणाला कळत नाही का. एकतर ००:००:३० असं लिहा, नाहीतर प्रॉपर्टीवर टाइमस्पॅनसेकंड्सकन्व्हर्टर लावा, म्हणजे ३० चे ३० सेकंदच होतील.

शेवटचा टप्पा, ऑब्जेक्ट तयार आहे पण तुमच्या हातात नल येतोय. सेक्शन जर सेक्शनग्रुपमध्ये असेल तर गेटसेक्शनला ग्रुपचं नाव, स्लॅश, सेक्शनचं नाव असा पूर्ण मार्ग द्यावा लागतो, नुसतं सेक्शनचं नाव दिलं तर नल. जुन्या पद्धतीत क्रिएट जे परत करतं त्याच प्रकारात कास्ट करायचं असतं, हँडलर क्लासमध्ये नाही, ही चूक नवीन माणसाकडून हमखास होते. आणि कास्ट करताना अॅज वापरू नका, प्रकार चुकला तर नल येतो आणि वीस ओळी पुढे दुसऱ्याच ठिकाणी फुटतं. सरळ कास्ट करा, जागच्या जागी कळेल.

होस्टिंग कसं आहे त्यावर अवलंबून दोन गोष्टी. तुमचं अॅप दुसऱ्या अॅपच्या आत सब-अॅप्लिकेशन म्हणून असेल तर वरच्या वेब.कॉन्फिगमधल्या नोंदण्या खाली येतात, तोच सेक्शन खाली परत नोंदवला की "ऑलरेडी डिफाइन्ड" म्हणून अडू शकतं, तेव्हा खालची नोंदणी काढा. आणि "अलाऊडेफिनिशन मशीनटूअॅप्लिकेशन" असा मेसेज आला तर बहुतेक वेळा ते फोल्डर आयआयएसमध्ये अॅप्लिकेशन म्हणून केलेलंच नसतं. तुमच्या मशीनवर बिल्ड करताना हा मेसेज आला तर ऑब्ज फोल्डरमध्ये पब्लिशची उरलेली वेब.कॉन्फिग बघा आणि तो फोल्डर साफ करा.

आता अॅपसेटिंग्ज. तीन-चार साध्या किंमती असतील, एकच गेटवे असेल, तर खुशाल तिकडे न्या, त्यात कमीपणा काही नाही. पण गेटवे दोन-तीन असतील, प्रत्येकाची यूआरएल, टाइमआउट, चलन, चालू-बंद असं सगळं असेल, तर अॅपसेटिंग्जमध्ये गेटवे१यूआरएल, गेटवे२यूआरएल अशा किल्ल्यांचं जंगल होतं आणि कोणीतरी एक किल्ली लिहायची विसरतो, ते कुठेच तपासलं जात नाही. तुमच्या केसमध्ये मी सेक्शनच ठेवेन. फक्त तो स्टॅटिक फील्डमधून काढून अॅप्लिकेशन_स्टार्टमध्ये वाचेन. म्हणजे सेक्शन मोडलेला असेल तर डिप्लॉय केल्या क्षणी पहिल्याच विनंतीला साइट फुटेल, तुम्ही तिथे समोर बसलेले असताना, ग्राहक पैसे भरायला गेल्यावर नाही.

गेटवेच्या गुप्त किल्ल्या याच सेक्शनमध्ये असतील आणि तुम्ही तो एएसपीनेट_रेगआयआयएस या डॉट नेटच्या कमांड टूलने एन्क्रिप्ट करणार असाल तर एक लक्षात ठेवा, ते टूल तुमच्या साइटच्या बिनमध्ये बघत नाही, त्यालाही तुमची हँडलर डीएलएल लागते आणि "कुड नॉट लोड फाइल" येतं. डीएलएल तेवढ्यापुरती त्या टूलच्या फ्रेमवर्क फोल्डरमध्ये ठेवा, काम झालं की काढा.

तुम्ही सध्या एवढं करा: बिन-ऑब्ज साफ करून रीबिल्ड, सर्व्हरच्या बिनमध्ये डीएलएल आहे का ते बघणं, आणि एक्सेप्शनचं पूर्ण टूस्ट्रिंग. त्याने सुटलं नाही तर तो पूर्ण मजकूर, कॉन्फिगसेक्शन्समधली तुमची ती एक ओळ आणि लायब्ररीच्या प्रॉपर्टीजमधलं असेम्ब्लीचं नाव इथे टाका. किल्ल्या आणि पासवर्ड मात्र आधी खोडून टाका.